पेंढ्याची ओळ

आमच्या ताई नक्की काय काम करतात, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. तोवर कोणी विचारलं की 'हवामानाच्या संस्थेत आहेत' एवढं सांगून मी मोकळी व्हायचे, आणि समोरचा हटकून विचारायचा, उद्या पाऊस आहे का. खुद्द ताईंनाही लोक हेच विचारतात. त्या शांतपणे सांगतात, "उद्याचं मला माहीत नाही. ऐंशी वर्षांनंतरचं विचारा."

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अठ्ठावन्न. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या, जेवण खाली आमच्यात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, एखादं पत्र टाकायचं राहून जावं तशा सुरात. घरात नणंद आहे म्हटल्यावर बायका माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघतात. मी ती सहानुभूती घेऊन ठेवते, कधीतरी कामाला येईल म्हणून. अजून आली नाही.

संख्याशास्त्राची पदवी घेऊन त्या संस्थेत लागल्या त्या आकडे भरायला, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्याला आता तेहतीस वर्षं झाली. काम मला समजावून दिलं ते त्यांनीच, एकदा मी इस्त्री करत असताना. हवा तापते, म्हणून पीक कमी येतं. पीक कमी आलं की धान्य महागतं. महागलं की लोक जंगल तोडून शेतं वाढवतात, आणि जंगल गेलं की हवा आणखी तापते. ही सगळी साखळी एका माणसाला येत नाही. हवामानवाल्यांना बाजार कळत नाही, बाजारवाल्यांना जंगल कळत नाही, आणि वीज कशी करायची हे ज्यांना कळतं त्यांना बाकी कुणाचंच पटत नाही. म्हणून पाच देशांतल्या सहा गटांनी मिळून एक जोडमॉडेल चालवलंय. हवामान, शेती, जंगल, पाणी, ऊर्जा आणि अर्थ. एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न होतो, आणि फिरत फिरत शतकाच्या शेवटापर्यंत काय होईल याचा अंदाज निघतो.

"म्हणजे एका घरात सहा चुली," मी म्हटलं.

"आणि प्रत्येक चुलीवरचं माप वेगळं," ताई म्हणाल्या. "शेतीवाले ओलं वजन सांगतात, ऊर्जावाले सुकं धरतात. एक जण कोळशातला कार्बन मोजतो, दुसरा धुरातला वायू मोजतो, आणि दोघंही त्याला 'कार्बन'च म्हणतात. मी मध्ये बसते."

त्या मध्ये बसण्याचं नाव जोडतक्ता. चारशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत एका गटाची एक गोष्ट, आणि ती दुसऱ्या गटाच्या कुठल्या गोष्टीत, कुठल्या मापानं मिसळायची ते लिहिलेलं. हा तक्ता ताईंनी केला, वाढवला, सांभाळला. आकडा कुठून आला, कोणी दिला, कधी दिला हे शेजारच्या रकान्यात नसेल तर त्या तो घेत नाहीत. त्या रकान्याला त्या 'जन्मदाखला' म्हणतात. संस्थेत सगळे त्यांना गाळणीबाई म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं हे मला माहीत आहे, कारण चहा गाळताना एकदा त्या स्वतःशीच हसल्या होत्या.

गटांची आणखी एक रीत आहे, तीही ताईंनीच पाडलेली. चौदा वर्षांपूर्वी जंगलवाले आणि ऊर्जावाले एका दशांश चिन्हावरून तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. चूक तुमची, नाही तुमची. तेव्हा ताईंनी सुचवलं की आपण एक सामाईक पान ठेवू, सहाही गटांना दिसेल असं. नाव, चुकांची वही. ज्याची चूक त्यानं स्वतः लिहायची. आधी आपलं नाव, मग चूक, मग तिच्यामुळे काय काय बिघडलं ते. बाकीच्यांनी खाली एकच शब्द लिहायचा: 'पाहिलं'. टोमणा नाही, उपदेश नाही, 'मी तेव्हाच म्हटलं होतं' तर मुळीच नाही. लोकांना आधी ते शाळेसारखं वाटलं. मग सवय झाली. त्या वहीत आतापर्यंत मोठमोठ्या प्राध्यापकांची नावं आली आहेत. ताईंचं नाव एकदाही नव्हतं.

या वसंतात सहाही गटांचा मिळून एक मोठा निबंध तपासणीला गेला होता. दीड वर्षाचं काम. आणि त्याच सुमाराला ऊर्जागटाच्या प्रमुखांनी एक प्रस्ताव मांडला. हा माणूस हुशार, बोलायला भरभर, वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणारा. ताई त्याला घाईडॉक्टर म्हणतात. त्याच्या गटानं एक प्रोग्रॅम तयार केला होता. सहा गटांची उत्तरं त्यात टाकली की तो आपोआप जुळवून देणार. मग जोडतक्ता हवा कशाला? प्रस्ताव येत्या बुधवारच्या बैठकीत ठेवायचा ठरला.

"माझं वैर नाही प्रोग्रॅमशी," ताई जेवताना म्हणाल्या. "पण त्याला लाज वाटत नाही. लाज वाटल्याशिवाय आकडा नीट तपासता येत नाही."

"तू तक्ता देणारच नाहीस ना?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मी कोण देणारी? सगळे ठरवतील. पण इतक्या वर्षांत माझ्या तक्त्यात एक चूक दाखवा म्हणावं."

बुधवारच्या तयारीसाठी त्यांनी रविवारी दुपारी सगळा तक्ता पुन्हा वाचायला घेतला. त्या तो मोठ्यानं वाचतात. डोळा ओळ गाळतो, कान गाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी कपाटातल्या चादरींच्या घड्या घालत बसलेली. "ओळ एकशे सतरा, मक्याची धाटं, शेती ते ऊर्जा, सुकं वजन. ओळ एकशे अठरा, गव्हाचा पेंढा, शेती ते ऊर्जा, सुकं वजन, गुरांचा वाटा वजा होऊन आलेला." अशी ती पोथी चालली होती. मला त्यातलं निम्मं पाठ आहे.

तीनशेच्या पुढे कुठेतरी त्या थांबल्या. माझ्या दोन चादरींच्या घड्या झाल्या तरी आवाज नाही, म्हणून वर पाहिलं. त्या पानं उलटत मागे गेल्या, मग पुढे, मग संगणकावर काहीतरी जुनं शोधू लागल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"काय झालं?"

"तीनशे चारावर गुरांचा चारा आहे," त्या म्हणाल्या. "वेगळी ओळ. शेतीगट चारा वेगळा पाठवतो."

"मग?"

"मग एकशे अठरावर तो वजा होऊन आलेला कसा असेल?"

मला समजायला थोडा वेळ लागला, तो त्यांनी दिला. पूर्वी शेतीगट आधी गुरांचं पोट भरायचा आणि उरलेला पेंढा ऊर्जागटाला जळणासाठी द्यायचा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पद्धत बदलली. सगळा पेंढा एकत्र सांगायचा, चारा वेगळ्या ओळीत द्यायचा, वजाबाकी जुळवताना करायची. म्हणजे ताईंनी करायची. चाऱ्याची नवी ओळ ताईंनी घातली. वजाबाकी घातली नाही. सहा वर्षं आमच्या मॉडेलमध्ये तोच पेंढा गुरांनी खाल्ला होता आणि तोच वीजकेंद्राच्या भट्टीत जळला होता.

"त्यांनी सांगितलं नसेल," मी म्हटलं.

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. सहा वर्षांपूर्वीच्या एका बैठकीचं टिपण होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, पेंढा आता चाऱ्यासकट येईल. टिपण लिहिणाराचं नाव ताईंचंच.

"त्या दिवशी काही झालं होतं का? आजारीबिजारी होतात?"

ताईंनी तारीख पाहिली. बराच वेळ आठवून पाहिलं. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "बुधवार होता."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. तो जमीनमोजणीतला माणूस. मोजणीतली चूक म्हणजे काय ते त्याला कळतं, आणि ती कशी झाकतात तेही. "ताई, बुधवार होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "सहा वर्षं कोणाला दिसलं नाही, आणखी दोन आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय? पुढच्या खेपेला गुपचूप दुरुस्त कर."

"धाकट्या, तू शाळेत पाटी अशीच पुसायचास. थुंकी लावून."

"पण पुसली जायची."

"डाग राहायचा."

सोमवारी त्या संस्थेच्या मोठ्या सरांना भेटल्या. सर भला माणूस, पण निबंध त्यांच्याही नावावर होता. त्यांनी चहा मागवला, दार लोटलं आणि जवळपास नवऱ्याचीच वाक्यं जरा चांगल्या भाषेत सांगितली. तपासणी चालू आहे, आता मागे घेतलं तर सगळ्यांची अडचण, तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत सुधारणा म्हणून घालून टाका. वर म्हणाले, "आणि या बुधवारी तर नकोच. तुमचा तक्ताच राहणार नाही, बाई."

हे मला ताईंनी जिन्यात उभं राहून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. फक्त चपला उलट्या पायांत घातल्या होत्या आणि संस्थेपासून घरापर्यंत ते लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं की तक्ता माझ्याकडेच राहावा," त्या म्हणाल्या. "फार वाटतं. तेच तर वाईट आहे." मग पायरीवर बसून चपला बदलल्या. "प्रोग्रॅमला लाज नाही म्हणत होते मी. आता बघू मला आहे का."

मंगळवारी दिवसभर वर बसून त्यांनी चूक किती मोठी ते काढलं. जळणासाठी जितका पेंढा मॉडेलमध्ये होता, त्यातला तिसरा हिस्सा मुळात नव्हताच. म्हणजे तेवढी वीज दुसरीकडून आणावी लागणार, आणि हवा कमी तापवायची तर ते वाटलं होतं त्याहून अवघड जाणार.

बुधवारच्या बैठकीला ताई घरूनच बसतात, कारण संस्थेत त्यांच्या खोलीत आणखी तिघे आहेत आणि ते फोनवर बोलतात. तीन वाजता बैठक. पावणेतीनला त्यांनी जेवणाच्या टेबलावर चुकांची वही उघडली आणि टाईप करायला घेतलं. मी त्यांच्या मागे डबे पुसत होते. डबे स्वच्छच होते.

आधी आपलं नाव. मग, 'ओळ ११८. गुरांचा चारा वजा करायला मी विसरले. सहा वर्षं. शेतीगटानं वेळेवर कळवलं होतं.' मग काय काय बिघडलं त्याची यादी, निबंधातल्या कोष्टकांच्या क्रमांकांसकट. कारणाच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी मागून वाचत होते हे त्यांना माहीत होतं. "झालं?" असं त्यांनी मलाच विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत पान पाठवून दिलं.

पहिलं 'पाहिलं' जंगलगटाचं आलं. मग पाण्याचं. मग हवामानाचं, जे आमच्याच संस्थेत बसतात. अर्थगटाच्या बाईंचं आलं. शेतीगटाचं थोडं थांबून आलं. सहावं आलंच नाही. तीन वाजून चार मिनिटं झाली, बैठकीत सगळ्यांचे चेहरे दिसू लागले, घाईडॉक्टरांचा चौकोन काळाच होता.

"सुरू करायचं का?" कोणीतरी विचारलं.

"ऊर्जावाले येऊ द्या," ताई म्हणाल्या. "त्यांचा प्रस्ताव आहे."

वहीचा नियम असा की टोमणा मारायचा नाही, पण गप्प बसण्यावर नियम नाही. ताई ताठ बसल्या होत्या. मी डब्यांची झाकणं लावायला घेतली आणि आवाज होतोय म्हणून सोडून दिली.

मग वहीत दुसरी नोंद उमटली. ताई वाचू लागल्या आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागल्या. आधी नाव, घाईडॉक्टरांचं. 'चार वर्षांपूर्वी आमच्या वीजकेंद्रांत शेतात उरायला हवा त्याहून जास्त पेंढा जळतोय असं दिसलं. आमचंच काहीतरी चुकत असेल असं वाटलं. मी हातानं एक मर्यादा घातली. कुठे लिहिली नाही. कोणाला विचारलंही नाही.'

त्यांचा चौकोन उजळला. केस विस्कटलेले, बहुधा डोक्यातून हात फिरवून. "बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच वाक्य तिथेच थांबलं. "तुम्हाला तेव्हाच विचारलं असतं तर दोन वर्षांत सापडलं असतं."

"विचारलं का नाहीत?"

"तुमचा तक्ता चुकेल असं वाटलं नाही."

तिकडून कोणीतरी हसलं. बहुधा शेतीवाले. मग ताईही हसल्या, आणि मी झाकणं लावली.

पुढे तासभर कामाचं बोलणं झालं. त्यांची मर्यादा आणि ताईंची चूक, दोघींनी इतकी वर्षं जावाजावांसारखं एकमेकींचं झाकून घेतलं होतं. त्यामुळे बिघाड ताईंना वाटला होता त्याच्या निम्माच निघाला. तरी निबंध मागे घ्यायचा आणि सगळं पुन्हा चालवायचं, असं ठरलं. अकरा आठवडे. मोठ्या सरांनी एक मोठा श्वास सोडला, तो सहाही गटांनी ऐकला, आणि मग ते म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी तक्रार केली नाही हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते.

मग प्रस्ताव आला. ताई म्हणाल्या, "माझ्या चुकीनंतर मी यावर मत देत नाही."

"मत द्यायला उरलंय काय?" अर्थगटाच्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी झोपेतून उठल्यासारखा असतो, पण बोलणं जागं. "प्रोग्रॅमनं हाच तक्ता गिळला असता आणि हेच उत्तर दिलं असतं, फक्त लवकर. दोन्ही ठेवा. प्रोग्रॅमला बेरीज करू दे. पण तक्त्यातली कुठलीही ओळ एका माणसाच्या ताब्यात नको. दोन वेगळ्या गटांच्या दोन माणसांनी ती मोठ्यानं वाचायची, आणि दोघांची नावं जन्मदाखल्यात."

"दुसरा माणूस कोण?" कोणीतरी विचारलं.

"ज्यांना घाई आहे ते," शेतीवाले म्हणाले. म्हणजे ते नाव फक्त आमच्याच घरातलं नव्हतं.

ताई वर गेल्या त्या एकदम झोपूनच गेल्या, दुपारी साडेचारला. तक्ता राहिला होता, पण आता तो त्यांच्या एकटीचा नव्हता. मला वाटलं त्याचं दुःख होईल. दोन दिवस जरा झालंही. "माझ्या रकान्यांची रुंदी बदलतो म्हणाला," असं काहीबाही पुटपुटत होत्या. नवरा म्हणाला, "नणंदेलाही नणंद आली." त्याला त्या दिवशी चहा स्वतः करून घ्यावा लागला.

शरद ऋतूत सगळ्या गटांची वार्षिक बैठक आमच्या गावात झाली, तेव्हा घाईडॉक्टर चार दिवस आधी आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले, कारण संस्थेतली बैठकीची खोली रंगवायला काढली होती. प्रत्यक्षात बुटका माणूस. पडद्यावर उंच वाटायचा. पहिल्या दिवशी त्यांनी सव्वीस ओळी भरभर वाचून टाकल्या, तेव्हा ताईंनी त्यांना परत पहिल्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या भुशावरून भांडण झालं. भुसा कारखान्याचा की जंगलाचा? तो जळतो तेव्हा कोणाच्या नावावर? मी चहा ठेवला तर दोघांनी मलाच विचारलं.

"मला भुसा दिसला की मी झाडते," मी म्हटलं. "नाव विचारत बसत नाही."

"बघा," घाईडॉक्टर ताईंना म्हणाले, "हा तिसरा पक्ष." मग ताईंनी जंगलगटाला फोन लावला, आणि पाऊण तासानं भुसा कारखान्याच्या नावावर गेला.

चार दिवसांत एकशे साठ ओळी झाल्या. उरलेल्या आता दर सोमवारी सकाळी फोनवर वाचतात. निबंध सुधारून पुन्हा गेला आहे. निष्कर्षांपैकी चार जसेच्या तसे टिकले, दोन बदलले, त्यातला एक अधिक वाईट बातमी सांगणारा. ताई म्हणतात, वाईट असली तरी खरी बातमी ठेवायला घरात जागा लागते. दोन वर्षांनी त्या निवृत्त होतील.

मागच्या सोमवारी त्यांना ताप होता. तेहतीस वर्षांत ताप आला नाही असं नाही, पण तापातही उशीजवळ तक्ता असायचा, कारण तो दुसऱ्या कोणाला वाचताच यायचा नाही. या वेळी फोन आला तो मी घेतला. "झोपू दे त्यांना," घाईडॉक्टर म्हणाले. "मी आणि शेतीवाले वाचतो आज." मी वर जाऊन सांगितलं. ताईंनी पांघरुणातून "बरं" म्हटलं आणि कूस बदलली. मी दारात उभी राहिले, आता उठतील म्हणून. उठल्या नाहीत.

बुधवारपर्यंत बऱ्या झाल्या. सकाळी चहा घेत त्यांनी सोमवारी त्या दोघांनी वाचलेल्या चाळीस ओळी तपासल्या, बोट ठेवून, एकेक. मी वाट बघत होते.

"दोन चुका आहेत," त्या म्हणाल्या, आणि कप पुढे केला. "दोनच. अर्धा कप अजून दे."